कॉलरला पश्चात्ताप होतो का?

माझ्या मावशीला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती "इस्त्री" एवढंच सांगते. "माझी लाँड्री आहे" असं ती कधीच म्हणत नाही, कारण लाँड्री अर्धीच तिची. उरलेली अर्धी काकूंची. काकू आमच्या नात्यातल्या कुणी नव्हेत. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, समोरचे चष्मेवालेसुद्धा, आणि ते तर त्यांच्यापेक्षा चांगले मोठे आहेत. दोघी तरुणपणी एका हॉटेलच्या धुलाईखात्यात होत्या. हॉटेलने नवी मशिनं आणली, दोघींना एकाच दिवशी नारळ दिला, आणि बाहेर पडता पडता दोघींनी ठरवलं की आता दुसऱ्याची चाकरी बास. तेव्हापासून मागच्या खोलीत काकू धुतात, पुढच्या खोलीत मावशी इस्त्री करते, आणि आता मधे काउंटरवर मी बसते. "हिचं तोंड दिवसभर चालतंच, तर निदान गिऱ्हाइकांशी चालू दे," असं आईला सांगून मावशीने मला इथे आणलं.

मावशी इस्त्री करताना बघावी. शर्ट हातात आला की आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. ओठांत एखादं भजन चालू असतं आणि वाफेचा फुस्कारा बरोबर ओळीच्या शेवटी सुटतो. तिच्या हातून एकही कपडा जळला नव्हता, आणि हे ती स्वतः कधी सांगायची नाही, काकू सांगायच्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या. आणि काकूंच्या हातून न निघालेला डाग मावशी सांगायची, तो एकच होता, कसलासा जांभळा, आणि तो का निघाला नाही याची कारणं मावशीच काकूंच्या वतीने द्यायची.

आमच्याकडे कपड्यावर खूण करायची एक पद्धत आहे. आतल्या शिवणीला रंगीत दोऱ्याचे दोन टाके. कुठला रंग कुणाचा ते दोघींच्या डोक्यात. खूण बाहेरून दिसली तर मावशी मला उसवायला लावते. म्हणते, "अगं, खूण कशाला असते? कपडा ज्याचा त्याला परत जावा म्हणून. मिरवायला नव्हे."

आता देवाधर्माचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. आम्ही ख्रिस्ती. मावशी तर पक्की. रविवारी ताप असला तरी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर हजर. काकूंचा देव वेगळा, त्यांची प्रार्थना वेगळी. पण इतक्या वर्षांत या विषयावरून दोघींचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. आवाज चढायचा तो स्टार्च जास्त झाला म्हणून.

आणि मग आमचे मामा निवृत्त झाले.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. सारं आयुष्य कचेरीत फायलींवर नावाच्या पट्ट्या चिकटवण्यात गेलं. माणूस सोन्यासारखा, पण रिकामा बसला की घराला घोर. चर्चमध्ये एक नवं व्यवसाय मंडळ निघालं होतं, त्याचे ते चिटणीस झाले आणि मंडळाने ठरवलं की आपल्या लोकांनी आपापल्या धंद्यावर 'ख्रिस्ती' असं लिहायचं. मामांना एवढं निमित्त पुरे झालं. फायली संपल्या होत्या, आता जग होतं.

पहिल्यांदा त्यांनी ख्रिस्ती गजराचं घड्याळ आणलं. त्यात घंटा वाजायची नाही, भजन वाजायचं. ते इतकं गोड होतं की मामा पहिल्याच रविवारी त्याच्या तालावर छान झोपून राहिले आणि उपासना बुडाली. मग ख्रिस्ती व्यायाम आला. व्यायाम तोच, खाली वाकून पायाचे अंगठे धरायचे. फक्त एक-दोन-तीन म्हणायचं नाही, प्रभूच्या बारा प्रेषितांची नावं घ्यायची. पेत्र म्हणत खाली, अंद्रिया म्हणत खाली. पण बारावा तर प्रभूला पकडून देणारा फितूर! त्याच्या नावाने वाकायचं तरी कसं? म्हणून मामा अकरावर थांबायचे.

"अरे, बाराव्यालाच तुझं पोट आत जाणार होतं," मावशी म्हणाली.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. घोडं अडलं ते वृद्धाश्रमाच्या चादरींवर.

खरं सांगायचं तर दुकानाला अलीकडे ओहोटी लागली होती. घरोघरी मशिनं आली. लोक बहुतेक कोट आणि पडदेच आणायचे. काकू दुपारी मागच्या खोलीत नुसत्या बसलेल्या दिसायला लागल्या. अशात मामा एक दिवस धापा टाकत आले. चर्चचा वृद्धाश्रम आहे, त्यांची धुलाईची व्यवस्था मोडली होती. चादरी, अभ्रे, टॉवेल, रोजचं गाठोडं. कायमचं काम.

"तिथल्या मेट्रनबाई स्वतः येऊन दुकान बघणार आहेत," मामा म्हणाले. "पण ताई, मंडळाचं म्हणणं असं की काम आपल्याच दुकानाला जावं. तेव्हा पाटी लावावी लागेल. 'ख्रिस्ती लाँड्री'."

मावशीने इस्त्री उभी ठेवली. "का रे? आत्ता काय ती नास्तिक आहे?"

"तसं नाही गं. लोकांना कळायला नको?"

"काय कळायला? कॉलरचा मळ बाप्तिस्म्याने निघतो म्हणून?"

मी फिस्सकन हसले. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बटणांच्या डबीत तोंड घातलं.

"ताई, थट्टा नको. भजनाला आपण ख्रिस्ती भजन म्हणतो की नाही?"

"म्हणतो. कारण ते देवाला उद्देशून गातात. मी इस्त्री काही देवाला उद्देशून करत नाही, त्या बँकवाल्याच्या पँटीला उद्देशून करते." मग ती जरा थांबली आणि सावकाश म्हणाली, "हे बघ, ख्रिस्ती हे माणसाचं नाव आहे. माणूस चुकतो, त्याला वाईट वाटतं, तो देवाकडे परत वळतो, म्हणून त्याला ते नाव. कॉलरला पश्चात्ताप होतो का? चादर कधी गुडघे टेकते का? मग तिला कशाला ख्रिस्ती म्हणायचं? तिला स्वच्छ म्हण. तेवढं पुष्कळ झालं."

मला वाटलं, संपलं. मामा गप्प होतील. पण त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता, आणि त्यांनी जे विचारलं ते भांडायला विचारलं नव्हतं. "ताई, एक खरं सांग. तुला प्रभूची लाज वाटते का? चार लोकांत नाव घ्यायला?"

 मावशीने पँट उचलली, घडी घातली, पुन्हा मोडली. हा प्रश्न तिच्या वर्मी लागला. स्वच्छतेवरून तिला काहीही बोला, ती सोडणार नाही, पण देवाची लाज वाटते म्हटल्यावर ती रात्रीची झोप घालवून बसणार, हे मला माहीत होतं. सकाळी तिने काकूंना विचारलं नाही, मला विचारलं नाही, मामांना निरोप पाठवला. पाटी लाव म्हणून.

पाटी आली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, चांगली ढब्बू. मामा रस्त्यापलीकडून, दोन्ही कोपऱ्यांवरून, असे सगळीकडून तिला बघून आले. काकू हात पुसत बाहेर आल्या, मान वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे." आणि आत गेल्या. बस्स. मावशी त्यांच्या पाठीकडे बघत राहिली.

त्यानंतर जी करमणूक सुरू झाली ती विचारू नका. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर आमचे जुने गिऱ्हाईक. ते गाठोडं घेऊन पायरीवरच उभे. मी म्हटलं, "या ना." तर म्हणतात, "आता आमचे घेता का? नाही, म्हणजे आपलं विचारलेलं बरं." मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या बनियनला आजवर कुणी धर्म विचारलाय का?" लाजले बिचारे. आले आत. पण किती जण पायरीवरूनच परत गेले असतील, ते मला कसं कळणार?

बरं, आपली माणसं आली ती आणखी भारी. चर्चच्या गायनवृंदातल्या एक बाई ब्लाऊज नाचवत आल्या. एक बटण तुटलं होतं. "ख्रिस्ती म्हणवता आणि बटणं तोडता?" आता बटण आहे, तुटतं. पूर्वीही तुटायचं, मी टाका घालून द्यायचे, विषय संपायचा. आता बटण तुटलं की आमची श्रद्धाच तुटली! एक काका आले, त्यांना रांगेत थांबायचं नव्हतं, कारण आपल्यात कसली आलीय रांग. दुसऱ्यांना पडदा तासाभरात हवा होता, प्रेमाखातर. मावशी सगळ्यांना हसून उत्तर द्यायची, पण संध्याकाळी इस्त्री बंद करताना म्हणायची, "अगं, पूर्वी चूक झाली तर ती माझी असायची. आता वर त्याचं नाव आहे. नुसती धास्ती वाटते."

या गडबडीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. काकू पुढून येईनाशा झाल्या होत्या.

रोजची रीत अशी होती की मी शटर उघडायचे, काकू समोरून यायच्या, येता येता चष्मेवाल्यांना काहीतरी टोमणा मारायच्या, आणि काउंटरवर डबा ठेवून म्हणायच्या, "काय गं टकळी, झाली का सुरू?" आता मी शटर उघडलं की मागे पाणी वाजत असायचं. काकू आधीच आत. मागच्या बोळातून. त्या बोळात कचऱ्याचे डबे, उघडं गटार आणि वर तीन उंच पायऱ्या. काकूंचे गुडघे आधीच बोलायला लागलेले.

"काकू, बोळातून कशाला येता?"

"जवळ पडतं."

"कुठनं जवळ? उलट अख्खा वळसा पडतो!"

काकू पडदा पिळत राहिल्या. मी जागची हलले नाही. मी हलत नाही हे बघून शेवटी म्हणाल्या, "अगं, पाटी लागली त्या दिवसापासून जो तो विचारतो. तुमच्या चर्चवाल्या येतात, माझा हात धरतात, म्हणतात, अभिनंदन, तुम्ही पण आमच्यात आलात. मी नाही म्हटलं की त्यांचं तोंड उतरतं. घरी जाऊबाई विचारतात, काय गं, बदललीस म्हणे? त्यांना नाही म्हटलं की त्या म्हणतात, मग पाटीखालून कशी जातेस, खोटी का ती? आता रोज दारात उभं राहून किती जणांना सांगू मी कोण आहे ते? मागून येते. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही."

"मावशीला सांगितलंत?"

"नाही आणि तूही सांगायचं नाहीस. तिचं तिच्या देवाशी काहीतरी चाललंय. त्यात मी कुठे मधे पडू? आणि चादरींचं काम येतंय ना? येऊ दे. मला काय, मागे धुवायचंच आहे."

हे त्या हसून म्हणाल्या हो. पण त्यांच्या अर्ध्या दुकानात त्या चोरासारख्या शिरत होत्या, आणि मला अस्सा राग आला की माझे कान तापले. सांगू नको म्हणाल्या म्हणून काय झालं! मी तडक पुढे गेले आणि मावशीला सगळं सांगून टाकलं.

मावशीने ऐकून घेतलं. डोळे मिटले, परत उघडले. मग म्हणाली, "स्टूल आण."

नेमकी ती मेट्रनबाई येण्याची सकाळ होती. मामा कधीपासून येऊन बसले होते. त्यांना त्यांचा पांढरा शर्ट कडक करून हवा होता, म्हणून तो मावशीच्या टेबलावर होता आणि मामा बनियनवर कोट घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून खुर्चीत. मावशी स्टुलावर चढलेली बघून ते ओरडले, "ताई, पुसायची असेल तर मी पुसतो की!"

"पुसत नाही, काढतेय. तो पाना दे."

"काढतेस? आत्ता? अगं त्या येतील!"

"येऊ देत."

पाटी निघाली. ती मामांच्या मांडीवर ठेवून मावशी टेबलाशी आली, तिने इस्त्री हातात घेतली, आणि तेवढ्यात मेट्रनबाई आत आल्या. उंच, काटक, नर्ससारखे पांढरे बूट. हातात एका चादरीचं पुडकं. त्यांनी मांडीवर पाटी घेऊन बसलेल्या मामांकडे बघितलं, मामांनी गळ्याशी कोट धरला.

"हीच का ती ख्रिस्ती लाँड्री?"

"नाही," मावशी म्हणाली. "मी ख्रिस्ती आहे. लाँड्री ही नुसती लाँड्री आहे. आणि अर्धी माझी नाहीच. जिची आहे ती आमच्यातली नाही, आणि तिने पाटी चुकवून मागून लपूनछपून यावं अशी वेळ मी आणली. तुमच्या मंडळाला पाटीच हवी असेल तर काम दुसऱ्या कुणाला द्या. माफ करा, तुम्हाला उगीच चालायला लागलं."

मामांनी कपाळावर हात मारला.  चादरी गेल्या. दुपारच्या रिकाम्या काकू माझ्या डोळ्यांपुढे आल्या, पण खरं सांगते, मावशीचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आणि मागचा पडदा सर्रकन बाजूला झाला. काकू! कोपरापर्यंत फेस, कपाळावर केस, आणि चेहरा लालबुंद.

"काय गं, तू कोण काम नाकारणारी? पाटी लावलीस, मला विचारलंस? आता काढलीस, ते तरी विचारलंस? माझ्यावर उपकार करायला मी काय भिकारीण आहे? अर्धं दुकान माझं आहे ना? मग अर्धं तोंड माझं!"

मावशीची इस्त्री टेबलावर टेकलेली, आणि ती तशीच उभी. काकू मेट्रनबाईंकडे वळल्या.

"तुम्हाला ख्रिस्ती माणसाचं दुकान हवंय ना? मग ऐका. आम्ही दोघी हॉटेलात होतो तेव्हा मला टायफॉइड झाला. महिना गेला. हॉटेलवाले दुसरी बाई घेणार होते. ही रोज स्वतःचं काम उरकून रात्रपाळीला माझं धुणं धुवायची, माझ्या नावावर. मला पगार मिळाला तेव्हा कळलं. मी रडले तर म्हणाली, रडतेस काय, तुझ्याकडून धुणं शिकून घेतलं फुकटात. तेव्हा ही माझी मैत्रीणही नव्हती. नुसती ओळख होती. मी घरी जाऊन यांना म्हटलं, ती ख्रिस्ती बाई आहे ना, तिचा देव चांगला असला पाहिजे." काकूंनी फेसाच्याच हाताने डोळे पुसले. "तेव्हा हिच्या डोक्यावर कुठे पाटी होती? मला कळलंच की नाही?"

 मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आयुष्यात कुणाच्या तोंडून स्वतःबद्दल हे ऐकायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. देवाची लाज वाटते का, या प्रश्नाने जिची झोप घालवली होती, तिला उत्तर मिळालं होतं, आणि ते देणारीला तिचा देव ठाऊकही नव्हता.

मेट्रनबाईंनी नाक उचलून वास घेतला. "बाई," त्या म्हणाल्या, "शर्ट."

मामांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीएवढा तपकिरी डाग! मावशीच्या हातून जळलेला पहिला कपडा. काकू आधी त्या शर्टाकडे बघत राहिल्या, मग मामांच्या कोटाकडे, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. मावशी रडता रडता हसायला लागली. मी तर काउंटरवर आडवीच.

मेट्रनबाईंनी आपलं पुडकं काकूंच्या हातात दिलं. "ही नमुन्याची. औषधाचे डाग आहेत. उद्या बघते. निघाले तर सोमवारपासून सगळी पाठवते. मंडळाशी काय बोलायचं ते मी बोलेन, मला त्यांची भीती नाही."

"निघतील," मावशी आणि काकू एकदमच म्हणाल्या.

त्या गेल्यावर मामा उठले. मांडीवरची पाटी कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी ती काखेत धरून ते दारापर्यंत गेले, तिथे थांबले, कोटाची वरची गुंडी चाचपली आणि मागे वळून म्हणाले, "काकू, उद्यापासून पुढच्या दाराने या हं."

"येणारच," काकू म्हणाल्या. "दुकान माझं आहे."